गाडी गेली, मी राहिलो

आमच्या शाळेच्या कार्यालयात सरांच्या रजेच्या अर्जांची एक वेगळी फाईल होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एक अर्ज, दिवाळीच्या सुट्टीनंतर एक, असा त्यांचा वर्षाचा रतीब असे. शाळा सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले की सर उगवायचे. दाढी वाढलेली, नाकाचं सालटं निघालेलं, खांद्याला मळकी शबनम. मस्टरवर सही करण्याआधी ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज ठेवायचे. अर्जात प्रति, विषय, महोदय सगळं जिथल्या तिथे, अक्षर फळ्यावर काढतात तसं सुवाच्य. कारणाच्या ओळीत मात्र दर वेळी तेच: ‘गाडी गेली, मी राहिलो.’

मुख्याध्यापकांनी एकदा वैतागून विचारलं, "अहो सर, गाडी तुम्हालाच सोडून कशी जाते?"

"ती कशाला सोडेल? मी उतरतो ना," असं म्हणून सर खडू घेऊन वर्गावर गेले.

सर भूगोल शिकवायचे आणि मी गणित. मी मूळची सांगलीकडची. नोकरी लागली ती थेट शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात, आणि राहायला जागा मिळाली ती सरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. खाली सर आणि त्यांची बायको. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. सरांच्या बायकोला सगळी गल्ली जिजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. जिजी सरांना ‘मास्तर’ म्हणायची. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, घरी अहिराणी, आणि माझ्याशी आधी मराठी. वाद रंगात आला की अहिराणी.

वाद रंगात यायला फार वेळ लागायचा नाही, कारण आम्हा दोघांच्या आवडी अगदी उलट होत्या. सुट्टी लागली की मी एखाद्या टूरबरोबर जायचे. सकाळी सहाला चहा, आठला नाश्ता, कुठे जायचं ते दुसरा ठरवणार, बॅगा दुसरा उचलणार. सरांना याची शिसारी होती. जिन्याच्या पायरीवर बसून ते मला विचारायचे, "मॅडम, तुम्ही केरळला गेल्या, की केरळ तुमच्या खिडकीसमोरून गेलं?"

"सर, मी वर्षभर साठ पोरांना रांगेत उभं करते. आठ दिवस कुणीतरी मला रांगेत उभं केलं तर मला बरं वाटतं."

"खिडकीमाईन दखं ते काय दखं?" म्हणजे खिडकीतून पाहिलेलं पाहिल्यात जमा धरायचंच नाही, असा त्यांचा नियम. सर कधी रिझर्व्हेशन करायचे नाहीत, लांबचं तिकीट काढायचे नाहीत. मिळेल त्या गाडीने निघायचं, आणि खिडकीतून काही दिसलं की "आलोच" म्हणून उतरायचं. मग ते काही म्हणजे विहिरीवरचा रहाट असो, भांड्यांना कल्हई लावणारा असो, की नुसतीच एक वाट असो. आग्र्याचा ताजमहाल बघायला सर चार वेळा निघाले होते. चारही वेळा अलीकडेच कुठेतरी उतरले. ताजमहाल त्यांनी पाहिलाच नाही, पण आग्र्याच्या अलीकडे चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्या एका कुंभाराच्या तिन्ही सुनांची माहेरं त्यांना ठाऊक होती.

रस्ता विचारणे हा त्यांचा दुसरा छंद. मी नवीन होते तेव्हा मला बँकेत खातं उघडायचं होतं. सर म्हणाले, चला, मी येतो. लोणखेड्याहून शहादा म्हणजे पायी चालत जाण्याइतकं, आणि सरांचं खातं त्याच बँकेत पंचवीस वर्षं. तरी त्यांनी वाटेत पपईने भरलेला ट्रॅक्टर थांबवून विचारलं, "भाऊ, बँककडे कोनती वाट जास?" तो माणूस ट्रॅक्टरवरून उतरला. मग दोघे बांधावर बसले. मी उन्हात उभी. आम्ही पोचलो तेव्हा बँकेत जेवणाची सुट्टी झाली होती. खातं काही त्या दिवशी उघडलं नाही, पण माझ्या हातात दोन पपया होत्या आणि त्या माणसाच्या मेहुणीचं ऑपरेशन कसं बिघडता बिघडता निभावलं ते मला तपशीलवार कळलं होतं. मी चिडून म्हटलं, "सर, तुम्हाला रस्ता माहीत होता!"

"रस्ता माहीत होता हो. तो माणूस कुठे माहीत होता?"

अशा माणसावर किती वेळ रागवायचं? मी पपई कापली आणि खाली नेऊन दिली.

सरांच्या शबनममध्ये कपडे दोन असायचे आणि थैल्या बारा. थैल्या म्हणजे जुन्या उशीच्या अभ्र्यांच्या, मुठीएवढ्या, जिजीने हाताने शिवलेल्या. त्यांत लाल तिखट. मिरची सरांच्या भावाच्या रनाळ्याच्या शेतातली, नंदुरबारला पथारीवर, म्हणजे उघड्या माळावर पसरून वाळवलेली. देठं खुडायची जिजीने आणि कांडून आणायचीही तिनेच. नंदुरबारचं तिखट काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. हंगामात त्या पथाऱ्यांवरून नुसती बस गेली तरी अख्खी बस शिंकते, आणि गावातली माणसं मात्र तिथे उभी राहून निवांत गप्पा मारत असतात. तर सर या थैल्या घेऊन देशभर फिरायचे. जिथे उतरायचे तिथे एक थैली द्यायचे. "हॉटेलात उतरलं की आपण गिऱ्हाईक. तिखट हातात दिलं की मॅडम, डायरेक्ट चुलीजवळ बसायला मिळतं," असं त्यांचं शास्त्र होतं. ते बरोबर असावं. सरांना मी कधी उपाशी परत आलेलं पाहिलं नाही.

ते परत आले की जिजी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि एकच विचारायची, "कोनले दिधं?"

मग सर ओट्यावर बसून एकेका थैलीचा हिशेब द्यायचे. एक आसामात नावाड्याला, एक कच्छमध्ये उंट पाळणाऱ्या बाईला, एक हिमाचलात पोस्टमनला. जिजी ऐकता ऐकता तांदूळ निवडायची. मला वाटायचं, तिचं लक्ष नाही. पण पाच-सहा वर्षांनी एखाद्या दुपारी, अध्येमध्ये काही संबंध नसताना ती मला म्हणायची, "त्या नावाड्यानी पोर आते लगीनले उनी व्हई, नही का माय?" नावाड्याला मुलगी होती, हेच सर विसरलेले असायचे. जिजीच्या मात्र सगळी माणसं ध्यानात होती, घरं ध्यानात होती, कुणाच्या अंगणात कसलं झाड तेही ध्यानात होतं. सबंध देश तिने त्या थैल्यांच्या मागे मागे जाऊन पाहिला होता, आणि स्वतः ती नाशिकच्या पलीकडे गेली नव्हती.

का गेली नव्हती, त्याची गोष्ट सर स्टाफरूममध्ये विनोद म्हणून सांगायचे.

लग्नाला महिना झालेला. दोघं नंदुरबारहून सुरतेला सरांच्या आत्याकडे निघालेली. पॅसेंजर नवापूरला थांबली. नवापूरच्या स्टेशनातूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. एकाच फलाटावर दोन राज्यं. भूगोलाच्या नव्या कोऱ्या शिक्षकाला हे कसं सोसावं? सर "आलोच" म्हणून उतरले. हद्द शोधली, एक पाय महाराष्ट्रात आणि एक पाय गुजरातेत ठेवून उभे राहिले, आणि तसेच उभे असताना गाडी गेली. पुढच्या स्टेशनावर जिजी दोन पिशव्या आणि एक ट्रंक घेऊन उतरली. भाषा येईना, कुणाला काय विचारावं कळेना. ती बाकावर बसून राहिली. सर पाच तासांनी एका ट्रॅक्टरवरून आले, कडेला टोपलीभर सीताफळं. वाटेत कुणाच्या तरी घरी त्यांचं जेवणही झालं होतं.

इथे स्टाफरूम हसायची. मीही हसले होते. मग एकदा मी जिजीला त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "पाच घंटा बठनू मी. उन्हाळाना दिन व्हतात." एवढंच, आणि उठून भाकरी थापायला गेली. नंतर मला हसू आलं नाही. उन्हाळ्यात सीताफळं कुठली, तेही तेव्हाच लक्षात आलं. सरांनी तीस वर्षांत गोष्टीला बरीच फळं लावली होती.

नवापूरच्या त्या दिवसापासून जिजीला एक सवय लागली होती. घराबाहेर कुठेही बसली तरी ती चपला काढायची नाही. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यातल्या ओळखीच्यांकडे लग्न असो, सगळ्या बायका सतरंजीवर मांडी घालून बसल्यात, जिजी कडेला खुर्चीवर, पायात चपला, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला. सर कुठेतरी "आलोच" म्हणाले की ती उभीच राहायची.

मी सरांना एकदा बोलले. "तुम्ही जिजींना बरोबर का नेत नाही?"

"ती नही येत. तिले उतरानं भेव वाटस," सर म्हणाले.

"विचारलंत कधी?"

"विचारून काय? मला माहीत आहे ना," सर म्हणाले. अख्ख्या देशाला रस्ता विचारत फिरणाऱ्या माणसाने घरात मात्र हे कधी विचारलं नव्हतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर सर निवृत्त झाले. निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ही आमच्या स्टाफची रीत. सरांना घड्याळ देण्यात काही अर्थ नव्हता. मग सहलीची कल्पना निघाली, आणि ती माझ्याच डोक्यातून निघाली, हे कबूल करते. शहाद्यातल्या कापडदुकानवाल्या शेठजींचा धाकटा मुलगा सहली काढायचा. चार पिढ्यांपूर्वी ते घराणं मारवाडातून इकडे आलेलं. त्यामुळे त्याची सगळ्यात चालणारी सहल राजस्थानची. सोळा सीटची एसी गाडी, आठ दिवस, ‘छोटा ग्रुप, मोठं साहस’. वाळूवर जीप, तंबूत मुक्काम, दरीवरून दोरीला लटकून पलीकडे जायचं. आम्ही सरांच्या नावाने दोन सीट घेतल्या. एक सीट मी माझी घेतली. सरांची जरा जिरवावी असा त्यात थोडा हेतू होता, हेही कबूल करते.

निरोपसमारंभात सरांनी पाकीट उघडलं, वाचलं, आणि भाषणासाठी उभे राहिले ते पाकीट पुन्हा वाचतच खाली बसले. स्टाफने टाळ्या वाजवल्या. जिजी पहिल्या रांगेत, अर्थातच चपला घालून. तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मन्हं बी नाव शे का त्यामा?"

मी म्हटलं, "आहे तर. सहा नंबर. खिडकी."

तिने पाकीट सरांच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली आणि पिशवीत तळाशी ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी माझी थट्टा संपली. तेहतीस वर्षांनी जिजी सरांबरोबर लांबच्या गाडीत बसणार होती, आणि सर पुन्हा कुठेतरी "आलोच" म्हणून उतरले असते तर ती परत कधी बसली नसती. हे मला जसं कळलं तसं सरांनाही कळलं असावं, कारण संध्याकाळी ते जिन्यात येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, आठ दिवस बसून राहायचं म्हणजे काय करतात हो?"

"खिडकीतून बघतात."

सरांनी सुस्कारा सोडला. मग खाली गेले. मी वरून ऐकत होते, मुद्दाम नाही, पण जिन्यात सगळंच ऐकू यायचं. जिजी थैल्या शिवत बसली होती. सहल असली तरी थैल्या हव्याच. सर तिला म्हणाले, "दख, या बारले मी नही उतरस. गाडी जठे नेई तठे जासू. तुन्ही आन."

जिजी "हं" म्हणाली. मला वाटलं, एवढी आण घेतल्यावर ती खूश झाली असेल.

गाडी निघाली तेव्हा आम्हा सोळाही जणांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या होत्या. शेठजींचा मुलगा अंगात बारा खिशांचं जाकीट आणि गळ्यात शिट्टी घालून पुढे उभा. तो सरांचाच विद्यार्थी. आठवीत त्याला नद्या पाठ होत नव्हत्या. एक शिट्टी म्हणजे चढायचं, दोन शिट्ट्या म्हणजे उतरायचं, आणि प्रत्येकाच्या हातात छापील वेळापत्रक. त्यात ‘चहा: सात मिनिटं’, ‘सूर्यास्त: पंधरा मिनिटं’ असं सगळं नेमून दिलेलं. एका ठिकाणी ‘स्थानिक लोकांशी संवाद: वीस मिनिटं’ असंही होतं. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

सर खरोखरच बोलले नाहीत. गुजरात सगळा त्यांनी गप्प बसून काढला. पहिल्या थांब्याला दोन शिट्ट्या झाल्या, सगळे उतरले, सर जागेवरच. मी म्हटलं, "सर, हा वेळापत्रकातला थांबा आहे. इथे उतरलं तर चालतं."

"नको. एकदा पाय खाली टेकला की मला माझी खात्री नाही," ते म्हणाले. सीटखाली चपला काढून, मांडी घालून, समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून ते बसले होते. वाटेत एका ठिकाणी कुणीतरी भलंमोठं माकडाएवढं सुरण डोक्यावर घेऊन चाललं होतं. सरांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांची दया येऊ लागली. जिजी खिडकीशी होती, पायात चपला, मनगटाला पिशवी. ती खिडकीबाहेर कमी बघत होती आणि सरांच्या तोंडाकडे जास्त. फार आनंदात आहे असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मी मनात म्हटलं, आता हिला आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी राजस्थानची हद्द ओलांडून दोन-अडीच तास झाले असतील. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना बुटक्या टेकड्या आणि मधे मक्याची शेतं. सरांची शबनम वरच्या फळीवर, एसीच्या भोकाला खेटून. तिच्या शेजारी पुरुषोत्तमनगरच्या एका निवृत्त केमिस्टसाहेबांचा लाडवांचा स्टीलचा डबा. ड्रायव्हरला एक गतिरोधक दिसला नाही. गाडी उडाली, डबा शबनमवर आदळला, जुन्या अभ्र्याची एक थैली फाटली आणि पाव किलो नंदुरबारी तिखट एसीच्या वाऱ्याबरोबर गाडीभर पसरलं.

पहिली शिंक केमिस्टसाहेबांची. मग दुसरी, तिसरी, आणि मग मोजायला कुणी शुद्धीवर राहिलं नाही. शेठजींचा मुलगा दोन शिट्ट्या मारायला गेला. शिट्टी तोंडात असतानाच त्याला शिंक आली आणि तिचा जो आवाज झाला तो कुठल्याच नियमात बसत नव्हता. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि सगळ्यांच्या आधी तोच उतरला. मागून आम्ही. नारिंगी टोप्यांनी डोळे पुसत, खोकत, एकमेकांना धरत आम्ही एका कडुनिंबाखाली येऊन उभे राहिलो. केमिस्टसाहेब डोळे मिटून म्हणाले, "हे तिखट आहे." एवढं शिक्षण वाया गेलं नव्हतं.

शेठजींच्या मुलाने टोप्या मोजल्या. पंधरा भरल्या.

सर गाडीत होते. काचेतून दिसत होते. दांडी घट्ट धरून, डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, अंग शिंकेने उसळतंय, पण मांडी मोडलेली नाही. मी दाराशी जाऊन ओरडले, "सर, खाली या!"

"हा थांबा वेळापत्रकात नाही," आतून शिंकत उत्तर आलं.

बाकीचे हसायला लागले. मी पायरीवर पाय ठेवला, पण आतल्या भपक्याने मागे आले.

तेवढ्यात जिजी मला बाजूला सारून पायरी चढली. तोंडावर पदर घेतला होता. ती सरांच्या सीटपाशी जाऊन उभी राहिली.

"उतरा मास्तर."

"मी तुन्ही आन लियेल शे ना."

जिजी खाली वाकली. सीटखालून तिने सरांच्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. "चाला," ती म्हणाली, "मी बी उतरी ऱ्हायनू."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे इतके सुजले होते की किती दिसलं असेल देव जाणे. मग त्यांनी दांडी सोडली. पुढे जिजी, हातात चपला, आणि मागे सर अनवाणी, असे दोघं त्या गाडीतून उतरले.

रस्त्याच्या पलीकडे एक घर होतं. आमचा गोंधळ बघून घरातली बाई कळशीभर पाणी घेऊन आली, मागून तिचा म्हातारा सासरा. सगळ्यांनी तोंडं धुतली. गाडीची दारं-खिडक्या उघडून ड्रायव्हर झाडलोट करू लागला. त्याला तासभर लागला. तेवढ्यात सरांना कंठ फुटला. तो म्हातारा आणि सर खाटेवर बसले आणि सर त्याला विचारू लागले की इथून टेकडीपलीकडे वाट कुठली जाते. जिजीने शबनममधून एक न फुटलेली थैली काढली आणि स्वतःच्या हाताने त्या बाईला दिली. एवढ्या वर्षांत शिवली शेकड्यांनी असतील, पण कुणाच्या हातात देताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. बाईने थैलीचा वास घेतला, सणसणीत शिंकली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसल्या. एकीला अहिराणी कळत नव्हती, दुसरीला तिकडची बोली. तरी पाच मिनिटांत दोघी चुलीपाशी होत्या.

एक शिट्टी झाली. सगळे चढले. पाच आणि सहा नंबर रिकामे.

मी बोलवायला गेले. जिजी आता खाटेवर सरांच्या शेजारी पाय वर घेऊन बसली होती. तिच्या चपला खाटेखाली होत्या, एक सुलटी आणि एक उलटी पडलेली. मी बोलवायला आले होते ते विसरून त्या चपलांकडेच बघत राहिले.

शेठजींचा मुलगा पळत आला. "सर, असं कसं? माझी जबाबदारी आहे. घरी पप्पांना काय सांगू?"

"तू जाय भाऊ," जिजी म्हणाली. "आम्ही येतस मांगेमांग."

"मग सर, निदान लिहून तरी द्या."

सरांनी वेळापत्रक उलटं केलं, गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला लागले. प्रति, विषय, महोदय, सगळं रीतसर. कारणाच्या ओळीशी थांबले. मग लिहिलं: ‘गाडी गेली, आम्ही राहिलो.’ गाडी अजून समोर उभी होती. खाली सरांची सही, आणि तिच्याखाली जिजीने एकेक अक्षर सावकाश काढत आपली सही केली.

आमची पुढची सहल छान झाली. मी दोरीला लटकले, किंचाळले, फोटो काढून घेतले. मजा आली, खोटं कशाला बोलू? चहा वेळेवर मिळत होता. फक्त एका गावात मी एका माणसाला किल्ल्याकडे जायचा रस्ता विचारला, किल्ला समोर दिसत असताना. तो माणूस माझ्याकडे बघून पुढे निघून गेला. रस्ता विचारायलाही सराव लागत असावा.

सर आणि जिजी आमच्यानंतर अकरा दिवसांनी आले. शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले होते. सरांना आता अर्ज द्यायचा नव्हता, आणि त्याची त्यांना जरा चुटपुट लागली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ते उगाच कार्यालयात येऊन फाईल चाळून गेले. जिजीचं नाक सोललेलं होतं. पदरावरून नारिंगी टोपी. पाण्याचा तांब्या या वेळी मी पुढे केला आणि विचारलं, "कोनले दिधं?" तिने सहा थैल्यांचा हिशेब दिला. सर मधे मधे चुका दुरुस्त करायला गेले, तिने त्यांना गप्प केलं.

तेव्हापासून सर घरातून निघताना "आलोच" म्हणत नाहीत. चपला घालून दाराशी थांबतात आणि आत बघून विचारतात, "येस का वं?" कधी ती जाते. कधी भाकरी तव्यावर असते, मग नाही जात. पण विचारल्याशिवाय ते निघत नाहीत.

माझी नंतर बदली झाली. निघायच्या आदल्या दुपारी मी जिजीबरोबर ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसले होते. डोळे चुरचुरत होते, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. मी म्हटलं, "जिजी, नवापूरला सर उतरले, त्याचा राग तुम्ही तेहतीस वर्षं धरलात."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढा भूगोल आणि एवढं गणित शिकलेल्या माणसांना इतकं साधं कळू नये, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"त्या उतरनात, त्याना राग कसाले येई माय?" तिने देठ खुडून टाकलं आणि दुसरी मिरची घेतली. "त्या दिन माले एक हाक मारी व्हती, तर मी बी उतरी जातू."